जुनी वाईन, चांगली वाईन?

प्रश्न : मला फ्रान्समधील बोर्दो येथील रेड वाईनच्या सहा आणि रीसलिंग या व्हाईट वाईनच्या तीन बाटल्या भेट मिळाल्या आहेत. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, असे ऐकत आलो आहे. या बाटल्या कोठे आणि किती वर्षे ठेवाव्यात? व्हाईट वाईन लगेच संपवावी लागते, हे खरे का?

उत्तर : आपण ऐकलेले विधान थोड्याच वाईनना लागू पडते. बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. ती ठेवून दिली तर फळांचा गंध ओसरतो आणि त्याच्या जागी नवे काहीच येत नाही. दीर्घकाळ टिकण्यासाठी वाईनमध्ये मुळातच भरपूर आंबटपणा आणि दाट अर्क असावा लागतो, शिवाय रेड वाईनमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्यही पुरेसे लागते. टॅनिन मुख्यतः द्राक्षांच्या साली व बियांतून उतरते, आणि कोवळ्या बोर्दोचा घोट घेतल्यावर हिरड्या कोरड्या पडतात त्या यामुळेच. वर्षे जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात व त्यांचा काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. त्यामुळे तुरटपणा निवळतो, जांभळट रंग विटकरी होतो आणि फळांच्या गंधाआडून तंबाखू, चामडे, ओली माती असे गंध वर येतात.

रीसलिंगमध्ये टॅनिन नगण्य असले तरी तिचा धारदार आंबटपणा तिला सांभाळतो, आणि चांगली रीसलिंग दहा-वीस वर्षेही सहज टिकते. मुरलेल्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो. तो खराबीचा नव्हे, तेव्हा कृपया त्या वासामुळे बाटली ओतून देऊ नये.

साठवणीसाठी १२ ते १३ अंश सेल्सिअस तापमान उत्तम, परंतु माझ्या मते नेमक्या आकड्यापेक्षा स्थैर्याला अधिक महत्त्व द्यावे. तापमान सतत वरखाली झाले की वाईन प्रसरण-आकुंचन पावते, बुचावर ताण येतो आणि हवा आत शिरते. जागा अंधारी असावी, आणि बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी. फिरकीचे झाकण असल्यास त्याची गरज नाही. घरगुती फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक आहे, पण तेथील कोरड्या हवेत बूच वाळत जाते.

सहा बाटल्या असल्याने आपल्याला एक मोठी सोय आहे. एक बाटली आताच उघडा. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा आणि उरलेली अर्धी वाईन बूच लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. ती अधिक खुललेली वाटली तर बाकीच्या बाटल्यांना अजून वेळ द्यावा. मलूल झाली असेल, तर त्या लवकर संपवाव्यात. पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक उघडून तारखेसह नोंद ठेवावी.

मुरलेली रेड वाईन उघडण्यापूर्वी बाटली एक दिवस उभी ठेवावी. दुसऱ्या भांड्यात ओतताना मानेखाली दिवा धरावा आणि गाळाची पहिली काळसर रेघ मानेपाशी दिसताच थांबावे. फार जुनी वाईन ओतून तासन्‌तास ठेवू नये, तिचा नाजूक गंध उडून जातो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर तो बहुधा बुचातून उतरलेल्या टीसीए या संयुगाचा असतो. साठवणीत आपली काही चूक झाली असे समजू नये, कारण हा दोष बाटली भरतानाच आत आलेला असतो.