मा-बू: आधी गुडघे, मग खोल बसणं

मा-बू म्हणजे कुंग-फूमधला, घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा. त्यात मांड्या जमिनीला समांतर करायची घाई पहिल्याच आठवड्यात नको. आधी पावलांचं माप पक्कं करा. चांगचुआन या कुंग-फूच्या उत्तरेकडच्या शैलीत दोन पावलांत आपल्याच पावलाच्या साधारण तिप्पट अंतर ठेवतात, चवडे सरळ समोर. हुंग गार या दक्षिणेकडच्या शैलीची पद्धत सोपी: पाय जुळवा, चवडे बाहेर फिरवा, मग टाचा, पुन्हा चवडे, पुन्हा टाचा.

आता पाठ ताठ ठेवून खाली बसा, मुठी कमरेशी. सगळ्यात जास्त चुकतं ते गुडघ्यांचं. नितंबांचे स्नायू दमले की गुडघे आत पडतात आणि सांध्याला पीळ बसतो. मान खाली घालून बघा: गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. नसेल तर बाहेर रेटा, पण तळव्याची आतली कड उचलू देऊ नका. घोटे आखडलेले असतील तर धड पुढे झुकतं. तेव्हा थोडं वर या, वाकून खोली मिळवू नका.

सुरुवातीला अर्धंच बसून २०-३० सेकंद, तीन-चार वेळा पुरे. श्वास रोखू नका. मांड्या भरून येणारच, ते चांगलं. गुडघ्यात कळ आली तर मात्र लगेच उठा.