जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलला एकच मनोरा का आहे?

मुळात दोन होते. उत्तरेकडचा १७७६ साली कोसळला आणि पुन्हा उभारलाच नाही, म्हणून दर्शनी बाजू डोळ्याला अशी एकांगी वाटते.

बांधकाम १५६२ ला सुरू झालं, १६१९ मध्ये संपलं. हे चर्च संत कॅथरीनला अर्पण केलेलं, कारण १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो तिच्या सणाचा दिवस, २५ नोव्हेंबर. काळारामाच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या आपल्या नाशिककरांच्या नजरेला या भिंती वेगळ्याच दिसतात: आत जांभा, वर चुन्याचा गिलावा. बाहेरून टस्कन शैलीचा साधेपणा, आत मात्र कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब आणि मुख्य वेदीमागे सोनेरी मुलाम्याची उंचच उंच चौकट. तिच्यावर कॅथरीनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेत. तिथे घाई करू नका, एकेक प्रसंग नीट बघा.

उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध 'सोन्याची घंटा' आहे. धातू सोनं नाही, नाव तिच्या नादामुळे पडलं. पोर्तुगीज काळातली घंटा नाशकातही आहे बरं का! पंचवटीत नारोशंकराच्या देवळाच्या तटावरची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. गोव्याला निघण्याआधी ती जरूर पाहा.