नीसमध्ये सुट्टीसाठी फ्लॅट विकत घ्यावा, की दरवर्षी भाड्याने राहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पुण्यात, मुलगी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसजवळच्या अँतीबला नोकरीला. दोनेक लाख युरोंत नीसमध्ये छोटा फ्लॅट घ्यायचा, वर्षातले दोन महिने स्वतः राहायचं आणि उरलेले दहा महिने पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च भागवायचा. हे जमेल का?

मी २०१५ पासून नीसमध्ये राहते, नोकरी जवळच्या सोफिया आंतिपोलिस या तंत्रज्ञान-वसाहतीत. इथे एक घर घेता घेता सोडलं आणि दुसरं घेतलं. शिवाय एका मैत्रिणीचा पर्यटकांना दिलेला फ्लॅट दोन उन्हाळे सांभाळला. त्या जोरावर सांगते: स्वतःच्या आनंदासाठी घर घेणं जमेल. दहा महिन्यांच्या पर्यटकांच्या भाड्यावर हिशेब बसवला असेल, तर मात्र आधी थांबा.

नीसची लोकवस्ती दोन लाखांहून बरीच जास्त आहे. एवढ्या मोठ्या शहरात राहतं घर पर्यटकांना आठवड्याच्या हिशेबाने द्यायचं, तर घराचा 'वापर बदलण्याची' परवानगी नगरपालिकेकडून, म्हणजे मेरीकडून, घ्यावी लागते. मालक स्वतः वर्षातले निदान आठ महिने त्या घरात राहत असेल, म्हणजे ते त्याचं मुख्य घर असेल, तर मर्यादित दिवस देता येतं. तुमचं ते दुसरं घर असेल, त्यामुळे ही सवलत तुम्हाला लागू नाही. शिवाय ही परवानगी साधारणपणे माणसाच्या नावावर मिळते, घराच्या नाही. 'हा फ्लॅट पाच वर्षं पर्यटकांना देतोय, सगळी कागदपत्रं आहेत' असं विकणारा सांगेल आणि ते खरंही असेल, पण घर विकलं की त्याची परवानगी तिथेच संपते. तुम्हाला नव्याने अर्ज करावा लागेल आणि ती मिळेलच असं कुणी लिहून देणार नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या संसदेने कायदा आणखी कडक केला. नवी परवानगी मागताना घराचा ऊर्जा-दर्जा निदान 'ई' हवा (ए उत्तम, जी सर्वांत वाईट) आणि २०३४ पासून 'डी' हवा. परवानगीशिवाय दिलं तर दंड एक लाख युरोंपर्यंत जाऊ शकतो. अधिकृत तारांकित दर्जा न घेतलेल्या पर्यटक-घरांच्या उत्पन्नावर आधी सरसकट ५० टक्के वजावट मिळायची. ती ३० टक्क्यांवर आली आणि त्या सोप्या पद्धतीची मर्यादा वर्षाला १५,००० युरो झाली. परदेशात राहणाऱ्या मालकाला या उत्पन्नावर किमान २० टक्के आयकर पडतो, वर सामाजिक कर वेगळे.

आता इमारतीबद्दल. माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. आपल्याकडे जशी सोसायटी, तशी इथे 'कोप्रोप्रिएते'. तिचा कारभार बघणारा पगारी व्यवस्थापक म्हणजे 'सिंदिक', आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. प्रत्येक इमारतीची जाडजूड नियमावली असते. कित्येक जुन्या इमारतींच्या नियमावलीत 'इथे फक्त राहण्यासाठी वापर' अशा अर्थाचं कलम असतं. अशा इमारतींत दुसऱ्या घरांचा पर्यटकांसाठीचा वापर बंद करायला पूर्वी एकमत लागायचं. २०२४ च्या कायद्यानंतर दोन तृतीयांश मतं पुरतात. म्हणजे आज परवानगी मिळाली, तरी उद्याच्या सभेत शेजारी ती दारं बंद करू शकतात. आणि शेजाऱ्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. मैत्रिणीच्या फ्लॅटखाली एक आजी राहत. रात्री साडेबाराच्या विमानाने आलेले पाहुणे दगडी जिन्यावरून चाकांच्या बॅगा ओढत वर न्यायचे, तेव्हा दर पायरीचा धक्का त्यांच्या उशाशी बसायचा. त्या मला कधी रागावल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "या जिन्यात मला नावाने ओळखणारे आता तिघंच उरलेत." मी तो फ्लॅट सांभाळणं सोडलं, त्यामागे हे वाक्य होतं.

२०१८ मध्ये आम्ही जुन्या नीसमध्ये, कूर सालेयाच्या फुलबाजारापासून दोन मिनिटांवर, चौथ्या मजल्यावरचं घर पसंत केलं होतं. लिफ्ट नाही, पण खिडकीतून लाल कौलं आणि टेकडीचा कोपरा दिसायचा. तोफेचा दुपारी बाराचा आवाज थेट घरात यायचा. एजंटने तोंडी सांगितलं, "सुट्टीत भाड्याने द्या, काही अडचण नाही." आम्ही सही केली.

ती सही म्हणजे 'कोंप्रोमी', आपलं साठेखत. पाच ते दहा टक्के विसार द्यायचा, तो नोतेरकडे जमा राहतो. नोतेर हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ. आपल्याकडे वकील आणि दुय्यम निबंधक मिळून जे करतात, ते तो एकटा करतो. साठेखत झालं की खरेदीदाराला दहा दिवस मिळतात, त्या दहा दिवसांत कारण न देता माघार घेता येते. हा कायदा फार मोलाचा आहे. साठेखतासोबत कागदांचा गठ्ठा येतो: नियमावली, मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, शिसं, अ‍ॅस्बेस्टॉस, वीज, ऊर्जा यांचे तपासणी अहवाल. लोक तो उघडून बघत नाहीत, कारण सगळं किचकट फ्रेंचमध्ये असतं. मी आणि नवऱ्याने सात रात्री शब्दकोश घेऊन ते वाचलं. नियमावलीत ते 'फक्त राहण्यासाठी' कलम निघालं. इतिवृत्तात निघालं की छप्पर आणि दर्शनी भिंतीचं काम मंजूर झालंय आणि पैशांची मागणी आमच्या खरेदीनंतर येणार आहे. साठेखतात वेगळं ठरलेलं नसेल, तर ज्या तारखेला पैसे देय होतात त्या दिवशीचा मालक ते भरतो. म्हणजे आम्हीच. आठव्या दिवशी पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र टाकलं, आणि विसार पूर्ण परत मिळाला. कायद्याने तो २१ दिवसांत द्यावाच लागतो.

म्हणून हे मनापासून सांगते: आधी इमारतीची तीन वर्षांची इतिवृत्तं मागा आणि समुद्र दिसतो का ते नंतर बघा. कोण मेंटेनन्स थकवतंय, छताला गळती आहे का, लिफ्टवरून भांडण चालू आहे का, सगळं त्यात असतं. एसीचं बाहेरचं यंत्र भिंतीवर लावायला सभेची परवानगी लागते, आणि जुन्या सुंदर इमारतींत ती बऱ्याचदा मिळत नाही. ऑगस्टमध्ये पाहुणे पहिला प्रश्न एसीचाच विचारतात.

जाहिराती वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्या. इथे 'दोन खोल्या' म्हणजे दिवाणखाना धरून दोन, म्हणजे आपला वन बीएचके. 'स्टुडिओ' म्हणजे वन आरके. क्षेत्रफळ मात्र प्रामाणिक असतं. १९९६ च्या कारे कायद्याने, भिंती वगळून आणि १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा वगळून आकडा द्यावा लागतो. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असला घोळ नाही.

खर्च: जुन्या घराला किमतीवर सात ते आठ टक्के 'नोतेरची फी' लागते. तिला फी म्हणतात, पण त्यातला बहुतेक भाग सरकारी कर, आपली स्टॅम्प ड्युटी समजा. दोन लाखांच्या घराला चौदा ते सोळा हजार युरो. नव्या बांधकामाला दोन ते तीन टक्के. साठेखतापासून खरेदीखतापर्यंत साधारण तीन महिने. नंतर दरवर्षी मालमत्ता कर. राहत्या घरावरचा निवासकर २०२३ पासून पूर्ण गेला, पण दुसऱ्या घरांवर तो आहेच, आणि घरांची टंचाई असलेल्या शहरांना त्यात ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. नीस अशा शहरांपैकी एक आहे. भर म्हणून दर तिमाहीला सिंदिकला मेंटेनन्स. चाव्या देणं, चादरी बदलणं, रात्री नळ फुटला तर धावणं हे काम कुणाला दिलं, तर तो भाड्याचा साधारण पाचवा हिस्सा घेतो. मी स्वतः केलेलं असल्याने सांगते, तो जास्त घेत नाही.

भारताच्या बाजूने: रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, तुम्ही दोघं मिळून पाच. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात की घरखरेदीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर एवढी रक्कम अडकून राहते, तिची तरतूद ठेवा. इथलं घर आणि खातं दरवर्षी भारतातल्या विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावंच लागतं. आणि घर घेतल्याने फ्रान्सचा व्हिसा मिळत नाही. युरोपच्या सामायिक शेंगेन व्हिसाचा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा नियम घरमालकालाही तसाच लागू.

मग काय करावं? माझं मत: पहिली दोन वर्षं भाड्याने राहा, आणि तेही हिवाळ्यात. नीस मुळात हिवाळ्याचंच गाव. १८६० मध्ये ते फ्रान्सकडे आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रज इथे थंडी टाळायला येत होते, म्हणून समुद्राकाठच्या रस्त्याचं नावच 'इंग्रजांचा फेरफटका'. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारशात घेतलं, तेही 'रिव्हिएराचं हिवाळी विश्रामनगर' म्हणून. जानेवारीत घरं रिकामी असतात आणि मालक महिन्याच्या हिशेबाने बोलायला तयार असतात. मे महिन्यात शेजारी कानचा चित्रपट महोत्सव, मागोमाग मोनॅकोची मोटारशर्यत, तिथून ऑगस्टअखेरपर्यंत तोच मालक आठवड्याला जवळपास महिन्याचे पैसे मागतो. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या पंधरवड्यात भाव चढतात, तेवढे दिवस सांभाळा.

हंगामी भाडं एका माणसाला सलग ९० दिवसांपर्यंत देता येतं, तुमच्या व्हिसात ते नेमकं बसतं. जाहिरातीत पर्यटक-घराचा नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे जाऊ नका. आगाऊ पैसे देताना करारात 'आर' लिहिलंय की 'आकोंत' ते बघा. 'आर' असेल तर तुम्ही रद्द केल्यावर तेवढेच पैसे जातात, आणि मालकाने रद्द केलं तर त्याला दुप्पट परत द्यावे लागतात. 'आकोंत' असेल तर करार पक्का, रद्द केलंत तरी उरलेली रक्कमही मागितली जाऊ शकते. पुण्यात आजारपण निघालं, विमान चुकलं, तर हा एक शब्द हजार युरोंचा पडू शकतो.

राहायला लिबेरास्यों भाग बघा. सकाळचा भाजीबाजार दारात, ट्राम दारात, आणि पर्यटक कमी. मुलीकडे जायचं तर थिएर स्टेशनवरून किनाऱ्याची लोकल गाडी आहे. बंदराजवळचा भागही चांगला. जुनं नीस फिरायला आणि 'सोक्का' खायला जा. सोक्का म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडंच. माझ्या आईला पहिल्या दिवशीच ते घरचं वाटलं. समुद्रकिनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, तेव्हा गुडघे दुखत असतील तर जाड तळाच्या चपला आणा.

दोन हिवाळे राहूनही घर घ्यावंसं वाटलं, तर जरूर घ्या, पण पर्यटकांऐवजी विद्यार्थ्याचा विचार करून. फर्निचरसह नऊ महिन्यांचा विद्यार्थी-करार इथे कायदेशीर आहे, विद्यापीठ गावात आहे, आणि सप्टेंबरात परवडणारी खोली शोधत फिरणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्यांत आपली मराठी मुलंही असतात. सप्टेंबर ते मे घर त्यांच्याकडे, उन्हाळा तुमचा. पैसे कमी येतील, पण त्यासाठी पर्यटक-परवानगी लागत नाही आणि जिन्यातले लोक तुमच्याशी बोलतील. फक्त मग हिवाळ्याचं ऊन विद्यार्थ्याला मिळेल, हे आधीच दोघांनी बोलून ठरवा. ऊर्जा-दर्जा 'जी' असलेलं घर मात्र या मार्गानेही २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाही, 'एफ' ची पाळी २०२८ मध्ये येईल.

आणि घर बघायला जाल ते जानेवारीतल्या दुपारी तीनची वेळ मागून. तेव्हा ऊन फार खाली उतरलेलं असतं. दक्षिणेच्या खिडकीतून ते आतल्या भिंतीपर्यंत पोचतंय का, की समोरच्या इमारतीने ते अडवलंय, हे त्या एका तासातच कळतं.