विहीर उपसताना डोळे नसलेला लालसर मासा निघाला, तो बादलीत ठेवलाय. असे मासे खरंच असतात का, आणि त्याचं काय करावं?

असतात. तुम्ही तो फेकून न देता बादलीत ठेवलात, हे फार चांगलं केलंत.

सगळ्यात आधी एक काम करा. बादलीत विहिरीचंच पाणी ठेवा, नळाचं नको. वर ओला पंचा टाकून बादली अंधारात ठेवा. या माशाने जन्मात ऊन पाहिलेलं नसतं.

आपल्या कोकणासारखाच केरळातही जांभा दगड आहे. जांभ्यात बारीक पोकळ्या असतात, त्यांत पाणी साठतं आणि त्या पाण्यात मासे राहतात. होराग्लानिस हा त्यांतलाच एक. तो जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा, डोळे नाहीत, कातडीला रंग नाही, म्हणून आतलं रक्त दिसून अंग लालबुंद वाटतं. त्याची एक नवी जात २०२० मध्ये पथनमथिट्टा जिल्ह्यात एका माणसाला घरच्या पाण्यात सापडली. लोकांनी विहिरी, टाक्यांतले मासे टिपून कळवले, त्यावर संशोधकांनी काही वर्षं काम केलं आणि २०२३ मध्ये त्या जातीला नाव दिलं ‘पॉप्युली’, म्हणजे लोकांचा. केरळातच मलप्पुरमला तर २०१८ च्या पुरानंतर भातशेतात आलेल्या माशाचा फोटो कुणीतरी समाजमाध्यमावर टाकला. तो इतका वेगळा निघाला की २०२० मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कुळच मांडावं लागलं.

लांब कशाला, मुंबईत जोगेश्वरीला अंध मुलांच्या शाळेच्या आवारातल्या विहिरीत वांबेसारखा लांब, पूर्ण आंधळा मासा मिळाला. मुंबादेवीवरून त्याचं नाव ‘मुंबा’ ठेवलं. एवढ्या गर्दीच्या उपनगरात तो किती काळ खाली राहत होता, कुणाला पत्ता नव्हता!

आता जपण्याचं. माझं स्पष्ट मत आहे की मासा जपायचा तर त्याचं पाणी जपायचं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळासमोर कुंड आहे, तिथल्या गुहेतून पाणी येतं. मी कठड्यावर बराच वेळ वाकून बसलो तेव्हा तळाच्या दगडाला चिकटलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा दिसला. पाण्यावर माझी सावली हलली आणि तो दगडाखाली गेला. ही जात, शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये नोंदली गेली. पुढच्याच वर्षी शासनाने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एका चिमुकल्या माशासाठी अख्खी जागा राखली, याचा मला मनापासून आनंद आहे.

उलटंही घडलंय. आपल्याकडचा महाशीर हा नदीतला मासा लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवून कावेरीत सोडला गेला. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा मोठा, कुबड असलेला महाशीर मागे पडत गेला आणि २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणून हात जोडून सांगतो, तुमचा मासा ओढ्यात, तळ्यात किंवा कुणाच्या काचेच्या पेटीत सोडू नका.

आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर ओतण्याआधी थांबा. ‘गप्पी मासे पाळा’ हे आपण लहानपणापासून भिंतींवर वाचलंय, पण गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे, दुसऱ्या माशांची पिल्लं खातो. डासांसाठी तो टाकीत ठीक आहे, अशा विहिरीत नको. आमच्या परसातली विहीर आम्ही दर वैशाखात उपसतो. पूर्वी शेवटचा गाळ तसाच माडाच्या आळ्यात जायचा. आता तो चाळणीत घेऊन आधी पाण्याने धुतो, खेकड्याची पिल्लंसुद्धा परत खाली सोडतो.

माशाचे फोटो वरून, बाजूने आणि डोक्याजवळून घ्या, शेजारी पट्टी ठेवा. तारीख, विहिरीची खोली आणि दगड जांभा की काळा, हे लिहून ठेवा. पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे हे फोटो आणि माहिती पाठवा. तुमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवा. ते येईपर्यंत मासा तगणार नाही असं वाटलं, तर रात्री बादली दोराने अलगद खाली सोडा आणि पाण्याला टेकली की कलंडवा. मासा आपोआप बाहेर पडेल.