एक डोळा गेला: भरपाई ३० टक्क्यांवरच का थांबावी?

प्रश्न: वय ३५, आयटीआय टर्नर. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर होतो, पगार २४,००० रुपये. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी ग्राइंडरच्या चाकाचा तुकडा उडून उजव्या डोळ्यात घुसला. तीन महिन्यांनी डोळा काढावाच लागला, आता कृत्रिम डोळा आहे. जुलै २०२५ मध्ये कामगार न्यायालयात भरपाईचा अर्ज केला. विमा कंपनी म्हणते, यादीप्रमाणे ३० टक्केच. मला मात्र नसलेल्या डोळ्यात कळा येतात, उजव्या बाजूला ठिणग्या आणि जाळीसारखे आकार दिसतात, चालत्या मशीनजवळ हात नेताना अंतर कळत नाही. मेंदूतज्ज्ञांनी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची चाचणी) आणि एमआरआय करून मेंदूच्या मागच्या भागाचं काम बदलल्याचं सांगितलं. मालक ४ लाख द्यायला तयार आहेत, पण स्टॅम्प पेपरवर राजीनामा आणि तडजोड लिहून मागतात. सही करू का? मेंदूतल्या बदलाची वेगळी भरपाई मिळेल का?

उत्तर: सही अजिबात करू नका. ही रक्कम विमा कंपनी स्वतः कबूल करते त्यापेक्षाही कमी आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ प्रमाणे हिशोब असा होतो. पगार २४,००० असला तरी हिशोबाला कमाल १५,००० धरले जातात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयाप्रमाणे गुणक दिले आहेत; पस्तिशी पूर्ण झालेल्याचा गुणक १९७.०६, म्हणजे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १७,७३,५४० रुपये. तिचे ३० टक्केसुद्धा ५,३२,०६२ होतात. कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा खासगी करार कलम १७ प्रमाणे मुळात रद्दबातल असतो, आणि अर्ज चालू असताना होणारी तडजोड न्यायालयासमोरच नोंदवावी लागते. शिवाय त्यात राजीनामा घुसडला आहे, त्याचा भरपाईशी काही संबंध नाही.

तो ३० चा आकडाही चुकीच्या ओळीतून उचललेला आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे इजा आणि टक्केवारीच्या यादीत, बुबुळासकट डोळा जागेवर आहे पण दृष्टी गेली, अशा इजेला ३० टक्के आहेत. डोळाच गेला असेल तर ४० टक्के. तुमचा डोळा शस्त्रक्रियेने काढला आहे, तेव्हा सुरुवातच ७,०९,४१६ रुपयांपासून होते. शस्त्रक्रियेची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रमाणित प्रती दाखल केल्या आहेत ना, हे आधी पाहा.

आता तुमचा खरा प्रश्न. त्या ओळीत ४० टक्क्यांच्या आधी दोन अटी आहेत: इजेत गुंतागुंत नसावी आणि दुसरा डोळा निरोगी असावा. यादीतला आकडा साध्या, सरळ भरलेल्या जखमेसाठी आहे. तुमची तक्रार नेमकी गुंतागुंतीची आहे, म्हणून माझ्या मते तुमची इजा त्या ओळीत पूर्ण बसत नाही. जादा भागासाठी कलम ४(१)(क)(दोन) आहे. त्यात पात्र डॉक्टरने कमाईच्या क्षमतेत किती टक्के घट झाली ते ठरवायचं असतं. एकाच अपघातातल्या दोन इजांच्या रकमा एकत्र धरता येतात, फक्त बेरीज पूर्ण अपंगत्वाच्या रकमेपुढे जाऊ शकत नाही.

पण ईईजीच्या कागदावर दावा उभा करू नका. डोळा गेल्यावर मेंदूचं काम बदलणं अपेक्षितच असतं. दोन्ही डोळ्यांतून येणारी दृष्टी मेंदूच्या मागच्या भागात एकत्र येते. तिथल्या बऱ्याच पेशी दोन चित्रांतला बारीक फरक ताडून खोली ओळखतात. एक चित्र येणं बंद झालं की ही तुलना थांबते, आणि रिकाम्या झालेल्या पेशी उरलेल्या डोळ्याकडे वळतात. यातला काही बदल चक्क जुळवून घेण्याचा असतो, म्हणजे तुमच्या फायद्याचा. विमा कंपनीचा वकील डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारेल: अपघातापूर्वीचा ईईजी आहे का? आणि निरोगी माणसाच्या ईईजीतही डाव्या-उजव्या बाजूंत फरक सापडतो ना? दोन्ही उत्तरं तुमच्या विरोधात जातील. तो अहवाल तक्रारीला दुजोरा म्हणून जोडा, एवढाच त्याचा उपयोग.

न्यायालयाला मेंदूचं चित्र नको असतं, कोणतं काम आता होत नाही आणि ते अपघातामुळेच होत नाही, हे हवं असतं. त्यासाठी डॉक्टरांकडून चार गोष्टी लेखी घ्या. नसलेल्या डोळ्यात कळा आणि आकार दिसणं याला वैद्यकात 'फँटम आय सिंड्रोम' म्हणतात, त्या नावानं निदान, पहिली तक्रार ज्या दिवशी नोंदली ती तारीख आणि चालू औषधं. हे आकार खरे नाहीत याचं भान तुम्हाला आहे, हा मानसिक आजार नाही, असं स्पष्ट वाक्य. नाहीतर समोरचे 'आधीपासूनचा मानसिक त्रास' म्हणून मोकळे होतील. डाव्या डोळ्याची फील्ड टेस्ट (कडेचं कुठपर्यंत दिसतं याची चाचणी), कारण एका डोळ्यानं उजवीकडचा कडेचा पट्टा दिसत नाही. आणि शेवटी, तुमच्या कामाच्या संदर्भात कमाईच्या क्षमतेतली टक्केवारी.

ही टक्केवारी आणि अपंगत्वाचा दाखला यांत फार गल्लत होते. सरकारी दाखल्यावर एका डोळ्याला ३० टक्के लिहिलं असेल तर तो शारीरिक अपंगत्वाचा आकडा झाला. तो दाखल करून गप्प बसलात तर विमा कंपनीला आयतंच मिळतं. दाखला नुसता जोडूनही भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं आणि त्यांची उलटतपासणी व्हावी लागते. समन्स काढायचा अर्ज आताच द्या.

तुमच्या स्वतःच्या जबाबात मोघम काही नको. 'लेथवर काम जमत नाही' याला अर्थ नाही. चकमध्ये जॉब फिरत असताना टूल जवळ नेताना अंतर चुकतं, बर (कापलेल्या धातूच्या कडेवरची धारदार कोर) काढताना हात कुठे आहे हे कळत नाही, उजवीकडून येणारी ट्रॉली दिसत नाही, कळ आली की मशीन बंद करावं लागतं, असं एकेक सांगा. मायक्रोमीटर वाचता येत नाही असं मात्र म्हणू नका. तो एका डोळ्यानं वाचता येतो. विमा कंपनीचा वकील तिथेच तो तुमच्या हातात देईल आणि बाकीच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास जाईल. शक्य असेल तर त्याच खात्यातल्या एखाद्या टर्नरची किंवा सुपरवायझरची साक्ष घ्या.

पूर्ण अपंगत्वाची मागणीही पर्याय म्हणून ठेवा. कायद्याची व्याख्या अशी की अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता, ती सगळी करायला तो असमर्थ झाला तर ते पूर्ण अपंगत्व. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता; एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानलं. तुमच्याबाबतीत शंभर टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, कारण एका डोळ्यावर बेंचवरची किंवा तपासणीची काही कामं होतात. पण डॉक्टरांनी साठ टक्के सांगितले आणि ते उलटतपासणीत टिकले, तर रक्कम १०,६४,१२४ होते. मूळ अर्जात कळा, आकार आणि अंतराचा त्रास लिहिलेला नसेल तर पुरावा सुरू होण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या. अर्जात नाही ते साक्षीत आलं की हरकत येते.

एक धोका आजच तपासा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) पगारमर्यादा २१,००० आहे, पण ऑक्टोबर ते मार्च या वर्गणीकाळाच्या सुरुवातीला ओव्हरटाइम वगळून तुमचा पगार त्याच्या आत असेल, तर ३१ मार्च २०२५ पर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच होता, आणि मग हा अर्ज ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे चालणार नाही. लाभ ईएसआयकडूनच घ्यावा लागेल. ऑक्टोबर २०२४ ची पगारपावती काढून पाहा.

गॉगल लावला नव्हता हा बचाव येईल. नुसत्या निष्काळजीपणानं हक्क जात नाही. कारखान्यात गॉगल दिला होता, वापरायचा स्पष्ट नियम होता आणि तुम्ही तो जाणूनबुजून मोडला, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. ग्राइंडिंगसारख्या कामात डोळ्यांना संरक्षण देणं कारखाने अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे त्यांचंच काम आहे. गॉगल वाटपाचं रजिस्टर आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला दिलेली अपघाताची सूचना हजर करायला लावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्याची चिंता नको. अपघात आणि अर्ज दोन्ही आधीचे आहेत, तुमचा हक्क जुन्या कायद्यानेच मोजला जाईल. रकमेवर १२ टक्के सरळ व्याज मागा, तेही अपघाताच्या दिवसापासून. विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तसंच ठरवलं आहे. ७,०९,४१६ वर ते वर्षाला सुमारे ८५,००० होतं. सकारण नसलेल्या विलंबासाठी ५० टक्क्यांपर्यंत दंडही मागता येतो, आणि तो विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. औषधोपचाराचा खर्च वेगळा मिळतो, बिलं जपून ठेवा.

डाव्या डोळ्याकडेही दुर्लक्ष नको. भेदक जखमेनंतर क्वचित दुसऱ्या डोळ्यालाही सूज येते, बहुतेक वेळा पहिल्या वर्षात, पण कधी बऱ्याच वर्षांनीही. लाली, प्रकाश सहन न होणं किंवा धूसरपणा आला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि नोंद घ्या. वकिलाचा खर्च जड होत असेल तर औद्योगिक कामगार म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, उत्पन्नाची अट नाही. प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं सुचवलं जाईल. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून ४० टक्के आणि अपघातापासूनचं व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्याखाली तिथे होकार देऊ नका.