बागेतला मोबाइल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (वाशी) : जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं काहीतरी साचलंय. फोटो टाकला की अ‍ॅप एकदा भुरी (बुरशीचा रोग) सांगतं, एकदा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड). खरं काय धरू?

उत्तर : घोळ बहुधा फोटोत आहे. फ्लॅश पडला की भुरी काय नि ढेकूण काय, दोन्ही नुसते पांढरे डाग. सकाळी सावलीत, फ्लॅश बंद करून, पानामागे कोरा कागद धरून फोटो काढा. पान चौकटभर येऊ द्या, पानाची पाठही घ्या. देठ खोडाला मिळतो ते बेचकं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच सुटतं.

मग टाचणीने टोचून बघा. भुरी पिठासारखी बोटाला लागते. जास्वंदीवरचा ढेकूण चिरडला तर गुलाबी-लालसर रस निघतो. शेंडे आखडलेत, पानं चुरगळलीत, खोडावर मुंग्यांची रांग आहे? मग ढेकूणच.

पीक-अ‍ॅपवरची औषधाची मात्रा एकराच्या हिशेबाची असते, ती कुंडीला लावू नका. आखडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. १ लिटर कोमट पाण्यात १ मिली भांड्यांचा लिक्विड साबण, त्यात ५ मिली नीमतेल. साबण घालायचा राहिला तर तेल वर तरंगतं आणि जिथे पडेल तिथे पान होरपळतं. संध्याकाळी फवारा, ७ दिवसांच्या अंतराने ३ वेळा, कारण ढेकणांच्या कापसासारख्या पुंजक्यात दडलेली अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. आणि मुंग्यांचा बंदोबस्त आधी! चिकट रसासाठी मुंग्याच ढेकणांची राखण करतात.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : लक्स (प्रकाशाचं माप) मोजणारं अ‍ॅप दक्षिणेच्या बाल्कनीत दुपारी २,००० दाखवतं. मोगरा फुलेल का?

उत्तर : एवढ्यावर नाही. उघड्यावरचं भर ऊन १ लाख लक्सच्या आसपास असतं आणि मोगऱ्याला रोज ५-६ तास थेट ऊन लागतं. पण आधी मोजणी तपासा. अँड्रॉइड फोनचा प्रकाश-सेन्सर स्क्रीनच्या बाजूला, वर इअरपीसजवळ असतो. स्क्रीन आकाशाकडे करून, पानांच्या उंचीवर, ९, १२ आणि ४ वाजता मोजा. पावसाळी ढगात घेतलेला आकडा सोडून द्या. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर, म्हणून वरचा स्लॅब ऊन अडवतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर उतरतो आणि ऊन थेट आत येतं. तोवर मोगरा कठड्यालगत सरकवा.

प्रश्न (बेलापूर) : पाणी घालण्याची आठवण करणारं अ‍ॅप वापरावं का?

उत्तर : पावसाळ्यात बंद ठेवा. एरवी आठवण आली की बोट २ इंच मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको.