"बाबांना काही सांगू नका"

हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेतात तिथे, नव्याने रुजू झालात, की रुग्णाच्या घरचं कुणीतरी दाराबाहेर गाठून हे म्हणणारच, आजार किती गंभीर आहे ते त्यांना कळू नये म्हणून. लगेच हो म्हणू नका, तत्त्वंही ऐकवू नका. आधी विचारा, सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते? मग रुग्णालाच विचारा, आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय आणि कोणासमोर. "नको" म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय. (बहुतेकांना अंदाज असतोच, असा माझा अनुभव.) आधुनिक हॉस्पिसची सुरुवात करणाऱ्या सिसिली साँडर्स डॉक्टर होण्याआधी नर्स आणि रुग्णालयातल्या समाजसेविका होत्या, त्यांच्या 'समग्र वेदने'त शरीरासोबत मनाचं, नात्यांचं दुखणंही येतं. राहून गेलेलं बोलणं त्यातलंच. रुग्णाने थेट विचारलं, तर खोटं बोलू नका. डॉक्टरांना सोबत घेऊन बसा. आणि फाइलीत गरजेपुरतंच लिहा, घरातली भांडणं नकोत.